'पालकांना सांगितलं की बदलापूर होतं' म्हणे!

मुरबाडजवळच्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एका शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी बसले होते. संस्था जुनी, माणूस सज्जन, उमेदीच्या काळात स्वतः गणित शिकवलेला. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. तेव्हा आमचं बोलणं शाळांवर येणारच होतं. शहापूरच्या शाळेतल्या प्रकाराचा विषय निघाला. त्यांनी ताटातली जिलबी जरा बाजूला सारली, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "सर, तुम्ही आपले म्हणून सांगतो. असं काही झालं की पहिल्या झटक्यात पालकांच्या कानावर जाता कामा नये. पालकांना सांगितलं की बदलापूर होतं."

लग्नघरात वाद नको म्हणून ते वाक्य मी गिळलं. पण त्यानंतर तेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो. मुख्याध्यापकांच्या सभेनंतरच्या चहाला ऐकलं, संघटनेतल्या एका जुन्या मित्राकडून ऐकलं, एका निवृत्त अधिकाऱ्याकडूनही ऐकलं. कुणी त्याला 'संयम' म्हणतं, कुणी 'परिस्थिती हाताळणं'. कुठल्याही परिपत्रकात ते नाही, तरी आपल्या मुरबाड-शहापूर या दोन तालुक्यांतल्या निम्म्या शाळांचं ते न लिहिलेलं धोरण आहे, अशी माझी खात्री झाली आहे. लग्नात दिलं नाही ते उत्तर इथे देतो.

आधी बदलापूर. त्या शहराचं नाव असं बागुलबुवासारखं घेतात, म्हणून तारखा लावून बघू. १२ आणि १३ ऑगस्ट २०२४ या दिवशी तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप आहे. तो माणूस १ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम बारा दिवस आधी, कंत्राटावर लागला होता. घरच्यांना कळलं ते लेकीच्या बोलण्यातून आणि मग डॉक्टरांच्या तपासणीतून. शाळेकडून नाही. १६ तारखेला ते पोलीस ठाण्यात गेले, आणि तक्रार नोंदवून घ्यायला बारा-बारा तास लागल्याचं पुढे राज्यभर गाजलं. मधले चार दिवस बातमी या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिली, प्रत्येक फोनवर थोडी वाढत. २० तारखेला सकाळी लोक आधी शाळेच्या दारात जमले आणि मग रुळांवर उतरले. गाड्या संध्याकाळपर्यंत बंद. दगडफेक झाली, लाठीमार झाला, अफवा पसरवल्याचे गुन्हेही नोंदवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २२ तारखेच्या सुनावणीत जे प्रश्न विचारले त्यात एक सरळ प्रश्न होता: शाळेने हे पोलिसांना का कळवलं नाही? संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला, अध्यक्ष-सचिवांना अटक ऑक्टोबरात झाली. तोवर, २३ सप्टेंबरला, आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला होता. खटला उभाच राहिला नाही.

ऑगस्टातल्या त्या आठ-दहा दिवसांत मला एक तास दाखवा, जेव्हा शाळेने पालकांना बोलावून सगळं नीट सांगितलं आणि त्या सांगण्यामुळे लोक भडकले. तो तास नाहीच. त्या गर्दीला साधुसंतांचा मेळा म्हणायचा माझा विचार नाही. रुळांवर उभं राहून 'फाशी द्या' म्हणणाऱ्यांत किती पालक होते आणि किती राजकारणातले, हा वाद तेव्हाही झाला आणि त्यात दोन्हीकडे थोडं थोडं खरं होतं. पण गर्दीला जमायला जी मोकळी जागा मिळाली, ती न सांगण्याने तयार केली होती. आमच्या पदाधिकाऱ्यांनी बदलापूरवरून धडा घेतला खरा, पण पुस्तक उलटं धरून.

आता शहापूर. ८ जुलै २०२५. एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना सभागृहात बोलावलं, पडद्यावर त्या डागांचे फोटो दाखवले, पाळी कुणाला आली आहे ते विचारलं, 'हो' म्हणणाऱ्यांचे अंगठ्याचे ठसे घेतले आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना स्वच्छतागृहात नेऊन तपासलं, अशी पालकांची तक्रार आहे. मुली रडत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात होते. गुन्हा नोंदवला गेला, मुख्याध्यापिका आणि एक महिला कर्मचारी अटकेत गेल्या, काही शिक्षिका आणि विश्वस्तांची नावंही गुन्ह्यात आली. इथेही घरोघरी बातमी नेली ती मुलींनी. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने संध्याकाळी आईला हे सांगायचं, तेही पाळीबद्दल, जो विषय आपल्याकडे आई-मुलीतसुद्धा निम्मा खुणांनी बोलला जातो. शाळेने आपलं सांगण्याचं काम कुणावर टाकलं बघा.

आणि तरीही शहापुरात रेल्वे रोखली गेली नाही. आसनगाव स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे, संताप काही कमी नव्हता. फरक एवढाच की गुन्हा लगेच नोंदवला गेला आणि काय झालं, पुढे काय होतंय, हे लोकांना एक-दोन दिवसांत पोलिसांकडून समजलं. दोन घटनांवरून नियम बांधू नये हे मलाही कळतं. पण 'सांगितलं की भडका उडतो' हा नियम तर एकाही घटनेवरून बांधता येत नाही.

मी दोन्ही शाळांची नावं घेतलेली नाहीत, त्याचं कारण इथेच सांगतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बालकाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायचं नाही, आणि त्यात नाव-पत्त्याबरोबर शाळेचाही उल्लेख आहे. ही तरतूद मुलासाठी आहे. त्या पोराला उद्या बाजारात कुणी बोट दाखवू नये म्हणून. आमच्या संस्थांनी मात्र ही चादर मुलाच्या अंगावरून ओढून स्वतःवर घेतली आहे. पालक विचारायला आले की ऐकवलं जातं, "कायद्याने आम्हाला काही बोलता येत नाही." कायदा म्हणतो मूल कोण ते सांगू नका. तक्रार आली आहे, ती पोलिसांना कळवली आहे आणि तो माणूस आता वर्गावर नाही, एवढं त्याच शाळेतल्या पालकांना सांगू नका, असं कायदा कुठेही म्हणत नाही.

मग पालकांच्या हातात काय पडतं? व्हॉट्सॲपच्या गटावर एक कागद पडतो. लेटरहेड, गोल शिक्का, खाली अर्धवट दिसणारी सही. मजकूर साधारण असा: 'सर्व पालकांना कळविण्यात येते की, शाळेसंदर्भात समाजमाध्यमांवर प्रसारित होणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवू नये. सदर प्रकरणी शालेय स्तरावर चौकशी सुरू असून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस संस्था सर्वोच्च प्राधान्य देते. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक भाष्य करणे उचित होणार नाही.'

मीही असे कागद लिहिलेत, त्यामुळे त्यातली कारागिरी मला ठाऊक आहे. 'कळविण्यात येते', पण कोण कळवतंय? कुणीच नाही. 'सदर प्रकरण' म्हणजे कुठलं? वर कुठेच काही प्रकरण सांगितलेलं नाही, सदर कशाला म्हणायचं? ज्या बिचाऱ्या पालकाला काहीच ठाऊक नव्हतं, त्याला या कागदाने एवढंच कळतं की काहीतरी भयंकर झालंय आणि ते आपल्याला सांगायचं नाही. तो लगेच तिसऱ्याच कुणाला फोन लावतो. अफवा बंद करायला काढलेली सूचना अफवेला दार उघडून देते.

आणि 'न्यायप्रविष्ट'! हा शब्द आमच्याकडे तांदळाच्या हिशेबापासून विनयभंगापर्यंत कशालाही चालतो. बहुतेक वेळा तोवर कोर्टात कागदही गेलेला नसतो. गेला असला तरी आपल्या मुलांच्या वर्गावर उद्या कोण येणार, हे पालकांना सांगायला कुठल्याही न्यायाधीशाची हरकत असायचं कारण नाही.

पण त्या कागदात मला सगळ्यात जास्त खटकतो तो मधला तुकडा, 'शालेय स्तरावर चौकशी'. ऐकायला किती जबाबदारीचं वाटतं! पॉक्सोचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं नुसतं माहीत असलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. आधी खात्री करून घ्या, मग कळवा, असं तिथे नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला ती एक वर्षापर्यंत होऊ शकते. शालेय स्तरावरच्या चौकशीत प्रत्यक्षात काय होतं, ते मी पाहिलंय. पोरीला आधी वर्गशिक्षिका विचारते, मग मुख्याध्यापक, मग दोन संचालक, मग कुणीतरी गावातला वजनदार. प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून सांगते, आणि तिच्या सांगण्यात एखादा दिवस किंवा एखादी खोली इकडची तिकडे झाली की "बघा, आता वेगळंच बोलते" असं म्हणायला सगळे मोकळे. कायद्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यात लिहिलंय की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर वर्दी नको. आम्ही काय करतो? मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, भिंतीवरच्या फोटोंखाली, टेबलाच्या पलीकडे पाच मोठी माणसं बसवतो. ही चौकशी चालू असते तोवर पुरावा कुणाची वाट बघत थांबत नाही. बदलापूरच्या शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं.

शिक्षण खात्याने आपल्यापरीने नियमांची रास लावली आहे. तक्रारपेटी २०१७ ची, सखी-सावित्री समिती २०२२ ची. बदलापूरनंतर, २१ ऑगस्ट २०२४ ला, आणखी एक शासन निर्णय आला: कॅमेरे लावा, समित्या जाग्या करा आणि काही अनुचित घडलं तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. चांगलंच आहे. पण घड्याळ लावलं ते साहेबासाठी. ज्याचं पोर त्या वर्गात बसलंय, त्याला किती तासांत कळवायचं?

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण मी स्वतः मास्तर आहे. तक्रारी खोट्याही असतात. शिक्षकाने पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब मागितला, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चुकीच्या माणसाबरोबर चहा घेतला, एखाद्या दांडग्याच्या मुलाला नापास केलं, एवढ्यावरून नाही नाही ते उठवलेलं मी पाहिलंय. आणि पालकांना वाईट पद्धतीने सांगितलं तर काय होतं याचा दाखलाही जगात आहे, तो मीच देतो. १९८३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे मॅकमार्टिन नावाच्या बालवाडीसंबंधी पोलीसप्रमुखाने सुमारे २०० कुटुंबांना पत्र पाठवलं. पत्रात संशयिताचं नाव होतं, कोणकोणती कृत्यं झाली असावीत त्याची यादी होती, आणि आपल्या मुलांना याबद्दल विचारा, अशी विनंती होती. मग आई-बापांनी तीन-चार वर्षांच्या पोरांना विचारलं, पुन्हा विचारलं, झोपताना विचारलं. पोरं मोठ्यांना हवं ते सांगू लागली. शेकडो मुलांवर अत्याचार झाल्याचं चित्र उभं राहिलं, खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही.

हे सगळं खरं. पण त्यातून काय निघतं? त्या पत्रात तीन गोष्टी चुकल्या. नाव लिहिलं, तपशील लिहिला आणि चौकशी पालकांच्या हाती दिली. पत्र पाठवलं ही चूक नव्हती. विहिरीचं पाणी गढूळ निघालं म्हणून कुणी विहीर बुजवत नाही, गाळ काढतो. इंग्लंडने काय केलं? तिथे २०१२ पासून, विद्यार्थ्याने आरोप केलेल्या शिक्षकाचं नाव त्याच्यावर रीतसर गुन्हा ठेवला जाईपर्यंत प्रसिद्ध करायला कायद्याने मनाई आहे, आणि फेसबुकवर लिहिणाऱ्या पालकालाही ती लागू आहे. त्याचबरोबर संबंधित मुलाच्या पालकांना लवकरात लवकर सांगायचं, आणि केव्हा, किती, कसं ते शाळेने शाळेबाहेरच्या नेमलेल्या अधिकाऱ्याशी बोलून ठरवायचं, असंही आहे. शिक्षकाची अब्रू आणि पालकाचा हक्क एकाच नियमात बसतात.

निर्दोष शिक्षकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आमच्या संघटनांचं लक्षच जात नाही. समजा तक्रार खोटी निघाली. मास्तर दोन-तीन महिन्यांनी शाळेत परत आला. त्याच्याबद्दल गावात जे पसरलंय ते कोण पुसणार? ज्या शाळेने पहिल्या दिवशी उभं राहून 'तक्रार आली आहे, पोलीस बघतायत' असं सांगितलं, तीच शाळा शेवटच्या दिवशी उभी राहून 'पोलिसांनी तपास केला, तथ्य आढळलं नाही' असं सांगू शकते. जिने तोंडच उघडलं नव्हतं, तिला आता काय म्हणता येणार? गुपचूप गेलेला माणूस गुपचूप परत येतो आणि जन्मभर 'त्याने मिटवलं' या संशयाखाली खडू धरतो.

'मिटवलं' या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे बांधाचं भांडण मिटवतात, तसंच हेही मिटवतात. चार माणसं बसतात, पोरीच्या बापाला समजावतात, तिच्या लग्नाचा विचार कर म्हणतात. राजस्थानातल्या अशाच एका प्रकरणात शिक्षक आणि मुलीचा बाप यांच्यात तडजोड झाली, बापाने 'गैरसमज झाला होता' असं लिहून दिलं, तिथल्या उच्च न्यायालयाने गुन्हा रद्दही केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि हा दोघांतला खासगी मामला नाही, असं बजावलं. त्याआधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटलं होतं की ठाऊक असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बऱ्याचदा ती गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचीच खटपट असते. कागदावर 'संयम' लिहिलं म्हणून त्याचं कलम बदलत नाही.

इथवर मी ज्या पालकांबद्दल बोललो त्यांच्या हातात फोन आहे, ते गटावर आहेत, शाळेच्या दारात जाऊन जाब विचारू शकतात. आपल्या दोन तालुक्यांतले सगळे पालक असे नाहीत. डोळखांबच्या पलीकडे, टोकावड्याच्या वर, माळशेजच्या पायथ्याशी असे पाडे आहेत जिथे टेकाडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. कातकरी घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, ते पावसाच्या तोंडावर परततात. पोरं आश्रमशाळेत. या आई-बापांना कोणी काय कळवायचं? २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यात खामगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत काय चाललं होतं ते बाहेर आलं, ते दिवाळीच्या सुट्टीत. मुली घरी गेल्या, पोट दुखतं म्हणाल्या, मग बोलल्या. मुख्याध्यापकासह अनेकांना अटक झाली. सुट्टी लागेपर्यंत त्या पोरींचं बोलणं घरच्यांपर्यंत पोहोचायला वाटच नव्हती.

"पाड्यावर कळवायचं कसं, सर? ही माणसं हजर नसतात, त्यांना वाचता येत नाही." हेही मी ऐकतो. मतदारयादीचं काम आलं की हाच शिक्षक बीएलओ होऊन फॉर्म घेऊन प्रत्येक झोपडीत जातो. पटसंख्या कमी पडायला लागली की वीटभट्टीवर जाऊन पोरं शोधून आणतो, मी स्वतः आणली आहेत. पोलिओच्या डोससाठी आशाताई घर सोडत नाही. आपल्याला हवं असतं तेव्हा पाडा जवळ असतो.

आणि सगळ्यांना बोलवायची सोयही कायद्यानेच करून ठेवली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असल्या पाहिजेत. विनाअनुदानित शाळा त्यातून सुटल्या. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, पण तो २०११ च्या शुल्काच्या कायद्यातून आलेला, त्यामुळे त्याची आठवण फी वाढवायची असते तेव्हाच होते. असो. समिती आहे, संघ आहे, नोटीस काढायला वही आहे. नाही ती नोटीस लिहायची तयारी. म्हणून लिहूनच देतो. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी:

'आपल्या शाळेतल्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध एका मुलाच्या बाबतीत गंभीर तक्रार काल दुपारी आमच्याकडे आली. ती आम्ही कालच पोलिसांना कळवली. तो कर्मचारी आजपासून शाळेत येणार नाही. तक्रार खरी की खोटी हे आम्ही ठरवणार नाही, पोलीस आणि कोर्ट ठरवतील. मूल कोण हे विचारू नका, आम्ही सांगणार नाही. तुमच्या मुलांना खोदून खोदून विचारू नका. मूल आपणहून काही बोललं तर शांतपणे ऐका, त्याच्यावर रागावू नका, आणि थेट पोलीस ठाण्यात या किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. उद्या सकाळी दहा वाजता गटशिक्षणाधिकारी आणि महिला पोलीस अधिकारी शाळेत असतील. जे कामावर असतील त्यांच्यासाठी संध्याकाळी सहाला पुन्हा सांगू.'

यात कुणाचं नाव नाही, कुणाची बदनामी नाही, 'सदर' नाही. वाचता येत नाही त्याला वाचून दाखवता येईल, ठाकरवाडीत उभं राहून त्यांच्या बोलीत सांगता येईल. गटशिक्षणाधिकारी मी मुद्दाम घातलेत. शहापुरात जिच्याकडून पालकांनी ऐकायचं, तिच्यावरच आरोप होता. अशा वेळी शाळेकडून खरं येईल ही अपेक्षा खुळी आहे, आणि म्हणून हे काम एकट्या मुख्याध्यापकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. तालुक्याच्या साहेबाने गाडी काढून तिथे उभं राहिलं पाहिजे. शिव्या खाव्या लागतील. खाव्यात.

जिलबीवाले पदाधिकारी हे वाचतील तर म्हणतील, निवृत्त झाल्यावर शहाणपण सुचतं. ते बरोबर म्हणतील. पॉक्सो यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट आहे. एका शाळेत मुख्याध्यापकाचा पदभार माझ्याकडे होता. ठाकरवाडीतली एक बाई सकाळी सकाळी, शाळा भरायच्या आत, लेकीला घेऊन आली. मुलगी चौथीतली. आई बोलत होती आणि मुलगी ओट्याच्या कडेचा पोपडा नखाने काढत होती. मी ऐकलं, "बाई, चौकशी करतो" म्हणालो. वर कळवलं, तोंडी. वरून उत्तर आलं, तेही तोंडी. महिन्याभरात त्या शिक्षकाची बदली झाली, कागदावर 'प्रशासकीय कारणास्तव'. गावाने विचारू नये म्हणून मी पालकसभा लावली आणि वहीत माझ्या हाताने लिहिलं: 'शालेय शिस्त व स्वच्छता याबाबत सविस्तर चर्चा झाली.' खाली सत्तावीस अंगठे आणि सह्या. त्या बाईचाही अंगठा त्यात आहे. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही, मी पटावर लाल शाईने 'सतत गैरहजर' लिहिलं.

पाच-सहा वर्षांनी म्हशाच्या जत्रेत ती बाई मला भेटली, घोंगडीवाल्यांच्या पालापाशी. तिने ओळखलं, मी आधी ओळखलं नाही. लेकीचं लग्न झालं म्हणाली. मग थोडा वेळ घोंगडीचा काठ बोटांनी चाचपत राहिली आणि विचारलं, "गुरुजी, ते मास्तर आता कुठल्या शाळंत हायेत?"

मला गावाचं नाव माहीत होतं. मी म्हणालो, "काही कल्पना नाही, बाई."